अध्यक्षाचा धर्म

छप्पन सालच्या दसऱ्याला खैरापूरच्या वेशीबाहेरची वस्ती रिकामी झाली. राखणीला दोन-चार म्हातारे आणि बकऱ्या तेवढ्या मागे राहिल्या, बाकी सगळे बौद्ध धर्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेले. मथुराबाईनं त्या दिवसासाठी पांढरं लुगडं घेतलं होतं. मैदानातल्या गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून तिनं आपल्या पदराचं टोक नवऱ्याच्या उपरण्याला गाठ मारून बांधलं होतं. उकंडा नगराळे तिच्या शेजारी हात जोडून उभा होता. भोंग्यातले शब्द मथुराबाईपर्यंत नीट पोचत नव्हते. उकंडाचा कान तयार होता आणि आवाज खणखणीत. तो एकेक प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणे आणि ती त्याच्या तोंडातले शब्द उचलून आपल्या तोंडात घेई.

परत आल्यावर उकंडानं घरच्या कोनाड्यातला मरीमायचा शेंदरी दगडाचा तांदळा आणि खंडोबाचा टाक टोपल्यात घातला आणि नदीच्या डोहात नेऊन सोडला. रिकामं टोपलं काखेत मारून तो घरी आला तेव्हा मथुराबाईला वाटलं, हा माणूस दोन बोटं उंच झाला.

उकंडाचा बाप गावातली मेलेली ढोरं ओढायचा. उकंडानं ते काम केलं नाही. लहानपणीच तो जिनवाल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना असलेल्या, सदाशिवरावांच्या आवारात कापूस झोडायला लागला, सात बुकं शिकला, आणि पस्तिशीच्या आत गाठी भरणाऱ्या गड्यांचा मुकादम झाला. त्याच्या एका हाकेवर लॉरी भरली जायची. सदाशिवराव म्हणजे खैरापूरचे मालकच. जिन-प्रेस त्यांची, बाजाराला लागून असलेली जमीन त्यांची, आणि नगरपालिकेचं, म्हणजे तिथल्या लोकांच्या बोलण्यातल्या कमेटीचं, अध्यक्षपदही आजवर त्यांच्याच घरात राहिलेलं. अलीकडे मात्र विठ्ठलराव नावाच्या अडत्यानं त्यांच्याविरुद्ध माणसं जमवायला सुरुवात केली होती.

सत्तावन सालात कमेटीची निवडणूक लागली तेव्हा सदाशिवरावांनी उकंडाला बंगल्यावर बोलावून घेतलं. हरिजनांच्या राखीव जागेवर त्यानं उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. उकंडा म्हणाला, मालक, मी नागपूरला जाऊन आलो, ती जागा आता आमची नाही, ती हिंदूतल्या लोकांची. सदाशिवराव हसले.

"नागपूरले गेलता ते तुह्या मनात," ते म्हणाले. "कचेरीत तू जो होता तोच हायेस. विचारलं तर हिंदू सांगजो."

उकंडानं लगेच होकार दिला नाही. त्यानं वस्तीची बैठक घेतली. भीमराजच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे सगळे बसले. याच भीमराजनं वस्ती नागपूरला नेली होती आणि दर पौर्णिमेला वंदना घ्यायचाही तोच. त्यानं पहिल्याच बोलण्यात नाही म्हटलं. चौथं शील खोटं बोलू नका म्हणून सांगतं, आणि आपण ते घेऊन सहा महिनेही झाले नाहीत, असं तो म्हणाला. पण वस्तीची विहीर होळी सरली की तळ गाठायची. बाया नाल्याच्या वाळूत झिरे खोदून बसायच्या, आत पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. एका घागरीला सकाळ जायची. गावात नळयोजनेची बोलणी चालू झाली होती, आणि टाकी झाली तर नळ कुठल्या आळीला न्यायचा हे कमेटीच ठरवणार होती. कोणीतरी भीमराजला म्हणालं की तुझ्या घरात घागर भरणारी बाई राहिली नाही, म्हणून तुला शील सुचतं. भीमराजची बायको दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तो उठला आणि दुकानाची फळी लावून आत गेला. उरलेल्या सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, उकंडा, तू उभा राहा, कचेरीत काय सांगायचं ते सांग, आम्ही पाठीशी आहोत.

मथुराबाई बायांच्या घोळक्यात मागे बसली होती. वाळू उपसून उपसून तिच्या बोटांची टोकं फुटलेली होती. तिलाही पाणी पाहिजे होतं, म्हणून ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तिनं विचारलं, "तेथी खरंच हिंदू सांगसान?"

"तोंडानं सांगीन," उकंडा म्हणाला. "तोंडानं सांगितल्यानं काय होते?"

अर्जांच्या छाननीच्या दिवशी अधिकाऱ्यानं धर्म विचारला. उकंडानं हिंदू म्हणून सांगितलं. विठ्ठलरावांच्या बाजूनं कोणी हरकत घेतली नाही, कारण राखीव जागेवर उभा केलेला त्यांचा माणूसही नागपूरला जाऊन आलेला होता आणि त्यानंही तेच सांगितलं होतं.

उकंडा निवडून आला. पुढे जे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कमेटीत सदाशिवरावांची माणसं आणि विठ्ठलरावांची माणसं बरोबरीनं आली. अध्यक्षाच्या निवडीची सभा दोनदा भरली आणि दोनदा मोडली. दोघांनाही एकमेकांचं तोंड त्या खुर्चीत बघायचं नव्हतं. तेव्हा सदाशिवरावांनी उकंडाचं नाव पुढे केलं. आपल्या जिनातला मुकादम आपल्या शब्दाबाहेर कुठं जातो, असा त्यांचा हिशेब होता. विठ्ठलरावांना वाटलं, हा गरीब माणूस आहे, चार दिवसांत आपल्याकडे वळवता येईल. अशा तऱ्हेनं उकंडा नगराळे खैरापूरचा नगराध्यक्ष झाला, आणि तोही बिनविरोध. वस्तीनं त्याला डफड्याच्या तालावर मिरवत घरी आणलं. भीमराज दुकानातून बाहेर आला नाही.

अध्यक्षपदाला पगार नव्हता. घर चालायला पाहिजे म्हणून सदाशिवरावांनी त्याची मुकादमी तशीच ठेवली. आपले अध्यक्ष कसे मेहनती आहेत, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत. उकंडा सकाळी जिनात गाठी भरवायचा, दुपारी हातपाय धुऊन, कोट-टोपी चढवून कमेटीत जायचा. कधी कधी सदाशिवराव जिनातच कागद घेऊन येत. लॉरी भरून झाली की एवढी सही करा, अध्यक्षसाहेब, असं म्हणत. गडी हसत. उकंडा घामेजलेले हात धोतराला पुसून सही करी. अशा सह्यांवर सदाशिवरावांनी बाजाराजवळच्या जमिनीवर प्लॉट पाडून घेतले आणि त्या प्लॉटांपर्यंत कमेटीच्या खर्चानं रस्ता नेला.

पण काम त्याला जमायला लागलं होतं. त्यानं कमेटीचे नियम वाचून काढले. बाजारातल्या भाजीवाल्या बायांना ओटे बांधून दिले, गल्ल्यांत कंदील लावले, मुख्याधिकाऱ्याच्या मागे लागून नळयोजनेचं सरकारी कर्ज मंजूर करून आणलं. त्यासाठी तो यवतमाळला आणि मुंबईला किती खेपा गेला त्याची गणती मथुराबाईनं ठेवली नाही. गावातले लोक त्याला नगराळेसाहेब म्हणू लागले. घरात तो कमी बोलू लागला. बोलला तर सभेत बोलल्यासारखं बोलायचा, आणि मथुराबाई चुलीपुढे बसून सभा ऐकल्यासारखी ऐकायची.

अठ्ठावन सालच्या संक्रांतीला विमलताईंचं, म्हणजे सदाशिवरावांच्या पत्नीचं, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. मथुराबाईनं नाही म्हटलं. आपण आता ते करत नाही, असं ती म्हणाली. उकंडानं समजावलं की अध्यक्षाची बायको पौर्णिमेला भीमराजकडे वंदनेला जाते हे विठ्ठलरावांच्या माणसांच्या डोळ्यांवर आलं आहे, एकदा जाऊन ये, सगळ्यांची तोंडं बंद होतील. ती गेली. माजघरात सतरंजीवर गावातल्या बाया बसल्या होत्या. तिच्यासाठी ओसरीवर वेगळा तरटाचा तुकडा टाकलेला होता. विमलताई वाईट बाई नव्हती. ती स्वतः बाहेर आली, तब्येत विचारली, मग कुंकवाची चिमूट मथुराबाईच्या तळहातावर वरूनच सोडली आणि म्हणाली, "तुमीच लावून घ्या, अध्यक्षीणबाई." तिळगूळही पदरात वरूनच पडला.

मथुराबाईनं स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. घरी जाताना वस्तीतल्या बाया दारात उभ्या होत्या. त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि एकेक करून आत गेल्या. घरी उकंडानं विचारलं, मान दिला ना नीट? ती हो म्हणाली.

साठ सालापर्यंत टेकडीवर टाकी उभी राहिली. तिच्या भूमिपूजनाला अध्यक्ष म्हणून उकंडा हजर होता, पण गुरुजींनी नारळ सदाशिवरावांच्या हातात दिला आणि उकंडा बाजूला हात बांधून उभा राहिला. त्यानं ते मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही. लोखंडी पाइप रस्त्यांच्या कडेला येऊन पडले. आता पहिली लाइन कुठं टाकायची हा प्रश्न आला. सदाशिवरावांना ती आधी जिनाकडे आणि तिथून आपल्या प्लॉटांकडे न्यायची होती. पाणी आलं की प्लॉट दामदुपटीनं जाणार होते. वस्तीचं पुढे बघू, असं ते म्हणाले.

उकंडानं इतके दिवस त्यांच्या कागदांवर डोळे मिटून सह्या केल्या होत्या. ह्या कागदावर त्यानं सही केली नाही. उलट त्यानं सभेत पहिली लाइन वस्तीकडे नेण्याचा ठराव मांडला. विठ्ठलरावांची माणसं सदाशिवरावांना खाली पाडण्याच्या आनंदात त्याच्या बाजूनं उभी राहिली आणि ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी मजुरांनी वस्तीच्या बाजूनं चर खणायला सुरुवात केली. बाया कामधंदा सोडून चराच्या काठाशी येऊन बसायच्या. सदाशिवरावांनी निरोप पाठवला, उकंडा गेला नाही. पुढच्या सकाळी जिनाच्या फाटकावर चौकीदारानं त्याला अडवलं आणि सांगितलं की आजपासून तुमचं काम नाही.

मग अर्ज पडला. गावातल्या एका किरकोळ माणसाच्या नावानं यवतमाळच्या कोर्टात अर्ज दाखल झाला की खैरापूरचे अध्यक्ष नगराळे यांनी छप्पन सालीच बौद्ध धर्म घेतला आहे, सबब राखीव जागेवर त्यांना बसता येत नाही, त्यांचं सदस्यत्व आणि अध्यक्षपद रद्द व्हावं. अर्जामागे कोण होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. हिंदू सांगजो म्हणून ज्यानं शिकवलं होतं, तोच आता हा हिंदू नाही म्हणून वकील देत होता.

साक्षीदार म्हणून भीमराजला बोलावणं आलं. वस्तीतले लोक त्याच्याकडे गेले, त्याला विनवलं. चर निम्म्यावर आला आहे, आठ-पंधरा दिवस निभावून ने, असं म्हणाले. भीमराज म्हणाला की मी कोणाविरुद्ध बोलायला जात नाही, पण विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि तो तसाच बोलला. उकंडा नगराळे माझ्यापासून हातभरावर उभे होते आणि त्यांनी सगळ्या प्रतिज्ञा म्हटल्या, असं त्यानं कोर्टात सांगितलं.

उकंडाच्या वकिलाला तोडीची साक्ष पाहिजे होती. अध्यक्षाची बायकोच बोलली तर वजन पडेल, असं तो म्हणाला. उकंडा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो सभेत बोलल्यासारखं बोलला नाही.

"मथुरे, तू म्हण, मी आलोच नव्हतो," तो म्हणाला. "तू गेलती, मी जिनात होतो."

"मी तुमच्याच तोंडातून घेतली ना दीक्षा," ती म्हणाली.

"मले खुर्ची नाई पायजे वो. पाणी येऊ दे. पाणी आलं का मीच राजीनामा देतो, आन् पौर्णिमेले सगळ्यांच्या समोर पुन्हा दीक्षा घेतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हे खरं बोलतो आहे असं तिला वाटलं, आणि कदाचित त्या घटकेला तो खरंच बोलत होता. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायाही आल्या. इंदूबाई, जिचं झिऱ्यावर पाय घसरून हाड मोडलं होतं, ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "मथुराबाई, एवढं बोलून टाक. पाप लागन ते आमी सगळ्याजनी वाटून घेऊ."

कोर्टाच्या दिवशी अर्धी वस्ती एस.टी.नं यवतमाळला गेली. मथुराबाई नागपूरचंच पांढरं लुगडं नेसली होती, कारण तिच्याकडे धड असं तेवढंच होतं. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. उकंडाच्या वकिलानं विचारलं, तुम्ही स्वतः बौद्ध आहात? ती हो म्हणाली. दीक्षा घ्यायला नवरा बरोबर होता? तिनं समोर पाहिलं. उकंडा खाली मान घालून बसला होता. मागच्या बाकावर भीमराज होता आणि तो सरळ तिच्याकडेच बघत होता.

"ते आले नव्हते," मथुराबाई म्हणाली. "ते जिनात होते. मी वस्तीच्या संगं गेलते."

विरुद्ध बाजूच्या वकिलानं बराच वेळ उलटसुलट विचारलं. घरात देव आहेत का, असंही विचारलं. ती म्हणाली, आहेत. कोणते? मरीमाय आणि खंडोबा. पूजा कोण करतं? हेच करतात. एकदा सुरुवात केल्यावर खोटं बोलणं किती सोपं आहे याचं तिला नवल वाटलं. बोलताना तिचा आवाज कापला नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि वाटभर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

निकाल उकंडाच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की भीमराज यांचा नगराळे यांच्या उमेदवारीला पहिल्यापासून विरोध होता, त्यामुळे त्यांच्या साक्षीवर विसंबता येत नाही. नगराळे यांच्या पत्नी मात्र स्वतः बौद्ध असल्याचं उघड कबूल करतात, खोटं न बोलणं हा त्यांच्या धर्माचा नियम आहे, अशा बाईनं आपल्या नवऱ्याला हिंदू म्हटलं तर ते खरंच मानलं पाहिजे. वकिलानं निकाल मराठीत समजावून सांगितला. उकंडानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मथुराबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली.

पाणी आलं नाही. कोर्टात हरलेले सदाशिवराव विठ्ठलरावांच्या अडतीवर स्वतः चालत गेले. दोघांत काय ठरलं ते बाहेर आलं नाही, पण प्लॉटांत विठ्ठलरावांचा वाटा निघाला असं गाव बोललं. महिन्याच्या आत कमेटीत अविश्वासाचा ठराव आला आणि उकंडाच्या बाजूनं एकट्या उकंडाचा हात वर झाला. सदाशिवराव पुन्हा अध्यक्ष झाले. वस्तीकडे आलेला चर मजुरांनी बुजवला. पाइप उचलून जिनाकडे नेले.

वस्तीनं मग तोंड फिरवलं. ज्यांनी पाठीशी आहोत म्हटलं होतं, तेच म्हणू लागले की खुर्चीसाठी ह्यानं कोर्टात धर्म विकला आणि बायकोलाही विकायला लावला. पाप वाटून घ्यायला कोणी आलं नाही. मथुराबाई झिऱ्यावर दिसली तर इंदूबाई घागर उचलून दुसऱ्या झिऱ्याकडे सरकायची. मथुराबाईच्या मुलीचं, कांताचं, मारेगावच्या एका घरी जमत आलं होतं. तिकडून निरोप आला की लग्न कोणत्या विधीनं लावणार ते आधी कळवा, आम्ही तर बौद्ध आहोत आणि तुम्ही कोर्टातून हिंदू ठरलेले. ती सोयरीक तिथंच राहिली. पुढे कांता ढाणकीकडे एका बिजवराला दिली, तीही घाईघाईत, चार माणसांत.

वैशाखातल्या पौर्णिमेला उकंडा भीमराजच्या दुकानापुढे गेला आणि सगळ्यांसमोर मला दीक्षा द्या म्हणाला. लोकांनी गलका केला. कोणी म्हणालं, न्यायाधीशाचा निकाल आहे, आपण त्याच्या वर कसं जायचं? भीमराजनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो म्हणाला की ह्यानं दीक्षा घेतलेली मी पाहिली आहे, घेतलेली दीक्षा पुन्हा देता येत नाही, ह्याला बसायचं असेल तर बसू द्या. पण जागा द्यायला कोणी सरकलं नाही. उकंडा थोडा वेळ कडेला उभा राहिला आणि घरी आला.

घरी मथुराबाई भाकरी थापत होती. तो दारातच उभा राहून बोलला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला अधिक लागलं.

"तू खरं बोलायले पायजे होतं," तो म्हणाला. "खुर्ची तशीबी गेली. खरं बोलली असती तर मी बौद्ध म्हणून पडलो असतो. लोकायनं खांद्यावर घेतलं असतं. तू मले हिंदू करून ठेवलं."

मथुराबाईचे हात भाकरीवर थांबले. त्यानं कसं विनवलं होतं, काय कबूल केलं होतं, ते सगळं तिच्या ओठांवर आलं. पण हा माणूस आता ते दिवस तसे आठवतच नाही हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं आपल्यापुरतं ते दुसऱ्या तऱ्हेनं मांडून घेतलं होतं आणि त्यावर त्याचा विश्वास बसला होता. तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलू लागली.

दोन वर्षं उकंडानं विठ्ठलरावांच्या अडतीवर पोती मोजली. हमाल त्याला अध्यक्ष म्हणून हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. कोट त्यानं सोडला नाही. तुरीच्या पोत्यांची धूळ खाऊन तो कोट मातकट झाला होता, तरी पोती मोजताना तो अंगात असायचा.

बासष्ट सालात पुन्हा निवडणूक आली, तोवर सदाशिवराव आणि विठ्ठलरावांचं पुन्हा फाटलं होतं. एके दिवशी सदाशिवरावांची जीप वस्तीत शिरली आणि नगराळ्यांच्या दारात थांबली. सदाशिवराव खाली उतरले नाहीत, त्यांचा कारभारी उतरला. मथुराबाईला आतून सगळं ऐकू आलं. मागचं विसरून जा, राखीव जागा पुन्हा आहे, आणि ह्या वस्तीत ती लढवू शकणारा माणूस आता एकच उरला आहे, असं तो सांगत होता. बाकी कोणी उभा राहिला तर विठ्ठलराव लगेच हरकत घेतील. उकंडाच्या हातात मात्र कोर्टाचा निकाल होता, त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. निवडून आल्यावर उपाध्यक्ष करू, असंही तो म्हणाला.

उकंडानं विचार करतो म्हटलं. कारभारी गेल्यावर तो आत आला, मातकट कोट काढून दोरीवर टाकला आणि ब्रश आहे का म्हणून विचारू लागला. घरात ब्रश नव्हता. तो ओल्या फडक्यानं कोट पुसत बसला.

"उभे राहणार?" मथुराबाईनं विचारलं.

"उपाध्यक्ष झालो तर वस्तीत नळ आणता येते," तो म्हणाला. त्याचा आवाज परत सभेतला झाला होता. "आता कोणी काही बोलू शकत नाही. तुह्या साक्षीवर निकाल लागला हाये."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आपण काहीतरी चांगलं बोललो असं त्याला वाटत होतं.

अर्ज भरायच्या दिवशी तो जीपमध्ये बसून गेला. मथुराबाईनं त्याच्या मागे घर झाडलं, चुलीवर भाजी झाकून ठेवली, दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि राळेगावच्या एस.टी.त बसली. राळेगावला तिचा भाऊ धर्मपाल राहायचा, मजुरीवर कापूस वेचायचा. तिनं त्याला एवढंच सांगितलं की मी आता इथं राहीन, माझी भाकर मी कमावीन. त्यानं काही विचारलं नाही. खैरापूरची गोष्ट तिथपर्यंत केव्हाच पोचलेली होती.

उकंडा निवडून आला आणि कारभाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे उपाध्यक्षही झाला. वस्तीतल्या एकाही घरानं त्याला मत दिलं नाही असं म्हणतात, पण वॉर्डातली बाकीची मतं सदाशिवरावांची होती. पासष्ट साली वस्तीच्या तोंडाशी एक नळ बसला. त्याच्या उद्घाटनाला सदाशिवरावांनी हरिजनसेवेवर भाषण केलं आणि उकंडानं त्यांच्या गळ्यात हार घातला. नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं. भीमराज त्या वेळी दुकान उघडून चाकाची ट्यूब बदलत बसला होता, असं नंतर कोणीतरी राळेगावला येऊन सांगितलं. मथुराबाईनं ऐकून घेतलं.

वर्षातून एकदोनदा उकंडा राळेगावला यायचा. एस.टी.तून उतरून, कोटाची धूळ झटकत, धर्मपालच्या अंगणात येऊन बसायचा. कमेटीत काय चाललं आहे ते सांगायचा. नवी शाळा, बाजारची गटारं, मंत्री येणार आहेत. मथुराबाई शेतातून आलेली असली तर पाय धुऊन चहा करायची, कप त्याच्यापुढे ठेवायची आणि भिंतीशी बसून ऐकायची. घरी चल असं तो एकदा म्हणाला. ती नाही म्हणाली. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या बाईनं, मानीबाईनं, एकदा कुंपणावरून विचारलं की तुमच्याकडे हे कोटवाले साहेब कोण येतात. उकंडा अंगणातच बसलेला होता, कप त्याच्या हातात होता, त्याला ते ऐकू गेलं.

"खैरापूरचे पाहुणे हायेत," मथुराबाई म्हणाली, आणि रिकामा कप घ्यायला हात पुढे केला.